पाहुणे घरात, गोळ्या कपाटात

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की कोल्हापूर भरून वाहायला लागतं. पुणे, मुंबई, बंगळूरला नोकरीसाठी गेलेली पोरं घरी येतात. अंबाबाईच्या देवळाभोवती गाडी लावायला जागा मिळत नाही, संध्याकाळी रंकाळ्यावर माणसांची रीघ लागते. गावाकडं गुऱ्हाळाचं चुलवाण रात्रंदिवस धगधगत असतं. कुणाच्या रानात हुरडा, कुणाच्या गच्चीवर रस्सा मंडळ, कुणाच्या घरी नवा जावई. दिवाळीपासून सुरू झालेली ही वर्दळ संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत काही थांबत नाही.

माझ्यासारख्या डॉक्टरला या दिवसांची आणखी एक खूण ठाऊक असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्यात वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, सुजलेले पाय आणि "डॉक्टर, चार दिवस जरा इकडं-तिकडं झालं" हे वाक्य, सगळं एकदमच येतं. बहुतेकांचं चार दिवसांत मार्गी लागतं. एखाद्याचं मात्र निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. अशाच एका घराची गोष्ट आज सांगायची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरातले गृहस्थ चौसष्ट वर्षांचे. निवृत्त, शिस्तीचे. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, पण गोळ्या घड्याळ लावून घेणारे. मुलगी पुण्यात नोकरीला. तिनं स्वतःच लग्न ठरवलेलं. मुलगा विदर्भातला, जात वेगळी. सुरुवातीला घरात थोडी कुरबुर झाली, मग सगळे तयार झाले. नाताळच्या सुट्टीत तो पहिल्यांदाच चार दिवस राहायला येणार होता. घराला रंग दिला, नवी चादर आणली. मामा, मावशी, शेजारी, मुलीच्या मैत्रिणी असं सगळं गोकुळ जमलं. पाहुण्याला झोपायला घरातली सगळ्यात चांगली खोली दिली, म्हणजे या गृहस्थांची.

गोळ्यांचा डबा त्याच खोलीतल्या कपाटात राहिला.

पहिल्या रात्री त्यांना आठवण झाली तेव्हा दार बंद होतं. होणाऱ्या जावयाचं दार रात्री अकरा वाजता ठोठवायचं कसं? सकाळी तो उशिरापर्यंत झोपलेला. नंतर गडबडीत राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पन्हाळा. तिसऱ्या दिवशी गच्चीवर मटणाचा बेत. बायकोला सांगितलं असतं तर तिनं निम्म्या मिनिटात डबा काढून दिला असता. पण मग "यांना एवढ्या गोळ्या आहेत" हे पाहुण्यासमोर आलं असतं. ते नको होतं. सलग तीन दिवस एकही गोळी पोटात गेली नाही.

आणि जेवण? ते तर विचारूच नका. "दाजी, पावणं बसल्यात आणि तुम्ही भाकरी कुस्करून खाताय व्हय? घ्या की एक वाटी," असा मेहुण्याचा आग्रह. पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून यजमानानं स्वतः हात राखून चालत नाही, ही आपली रीत. त्यांनी ती पाळली.

तिसऱ्या रात्री साधारण दहा वाजता गच्चीवर शेकोटीभोवती गप्पा रंगल्या होत्या. सगळे शाली गुंडाळून बसलेले. त्यांना छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला जड वाटायला लागलं. "जरा पित्त झालंय," म्हणून ते बाजूला जाऊन बसले. बायको म्हणाली, "अहो, लगेच आडवं पडू नका, थोडं सोडा-पाणी घ्या." मुलगी म्हणाली, "पप्पांना नेहमीच होतं असं." दोघींचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. त्यांना पित्त खरंच नेहमी होत असे.

होणारा जावई मात्र उठून त्यांच्याजवळ गेला. त्याला 'नेहमीचं' काय असतं ते ठाऊकच नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की थंडीत सगळे कुडकुडत असताना या माणसाच्या कपाळावर घाम आहे. "काका, तुम्हाला दम लागतोय का?" त्यांनी नाही म्हटलं. त्यानं हात हातात घेतला, तर तो गार आणि ओला. पुढच्या अर्ध्या तासात ते रुग्णालयात होते. ईसीजीमध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. त्याच रात्री बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. आज ते ठणठणीत आहेत. गोळ्यांचा डबा आता स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असा असतो.

हा योगायोग होता का? काही अंशी. पण वैद्यकशास्त्राला ही तारीख आणि ही वेळ दोन्ही ओळखीच्या आहेत.

सणाचा दिवस आणि हृदय

स्वीडनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांची देशव्यापी नोंद ठेवली जाते. 1998 ते 2013 या काळातल्या 2 लाख 83 हजारांहून अधिक झटक्यांच्या वेळा तिथल्या संशोधकांनी तपासल्या आणि 2018 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे 24 डिसेंबरला, झटक्याचं प्रमाण एरवीपेक्षा 37 टक्क्यांनी जास्त आढळलं. त्या दिवसातही सर्वाधिक झटके रात्री दहाच्या सुमाराला आले. स्वीडनमध्ये कुटुंबानं एकत्र जमून नाताळचं मोठं जेवण घ्यायचं असतं ते याच दिवशी. हा धोका 75 वर्षांवरच्या व्यक्ती, मधुमेही आणि आधीपासून हृदयविकार असलेले यांच्यात अधिक होता.

अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याआधी, 2004 मध्ये, 1973 ते 2001 या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या होत्या. हृदयविकारानं होणारे मृत्यू नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत वर्षातल्या इतर कोणत्याही काळापेक्षा जास्त असल्याचं त्यांना दिसलं. त्यांनी सुचवलेल्या कारणांपैकी एक आपल्याला विचारात पाडणारं आहे: या दिवसांत माणसं दवाखान्यात जायला उशीर करतात. सण मोडायला नको, पाहुण्यांना त्रास नको, सकाळी बघू.

यावर कुणीही विचारेल, की हे सगळं थंडीमुळं होत नसेल कशावरून? थंडीचा हात आहेच. गारठ्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. कोल्हापूरची थंडी ती काय, असंही म्हणू नये. 1997 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात, तापमान तेवढंच उतरलं तरी कडक थंडीच्या प्रदेशांपेक्षा सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांत मृत्यूंची वाढ जास्त दिसली होती. कडाक्याच्या थंडीत राहणारे लोक घर ऊबदार ठेवतात, अंगभर कपडे घालतात. सौम्य थंडीतले लोक "एवढ्याला काय होतंय" म्हणून स्वेटर न घालता पहाटे फिरायला निघतात. ही ओळ वाचून बऱ्याच घरांत कुणाकडं तरी नजर वळेल.

पण थंडी हे पूर्ण उत्तर नाही. न्यूझीलंडमध्ये नाताळ भर उन्हाळ्यात येतो. तिथल्या 1988 ते 2013 या 25 वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही नाताळ ते 7 जानेवारी या काळात रुग्णालयाबाहेर हृदयविकारानं होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे 4 टक्क्यांनी जास्त भरले. म्हणजे थंडी वजा केली तरी काहीतरी उरतंच. ते आपल्या ताटात, झोपेत, मनात आणि संकोचात शोधावं लागतं.

आग्रहाचं शास्त्र

चार माणसांत बसलं की दोन घास जास्त जातात, हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी 1980 च्या दशकात लोकांना आपल्या प्रत्येक जेवणाची नोंद ठेवायला सांगून हे मोजून पाहिलं. इतरांसोबत घेतलेलं जेवण एकट्यानं घेतलेल्या जेवणापेक्षा सुमारे 44 टक्क्यांनी मोठं निघालं. गप्पांमुळं माणूस पानावर जास्त वेळ बसतो, हे त्यामागचं एक सरळ कारण. पुढच्या अभ्यासांतून आणखी एक गंमत दिसली. हा परिणाम घरच्यांत आणि मित्रांत ठळक असतो. परक्यांत मात्र माणूस हात आखडून जेवतो.

आता हे आपल्या पंगतीला लावून बघा. नवा जावई किंवा नवी सून लाजून कमी खाते. ते बघून घरची मंडळी आग्रह करतात. आग्रहाला बळ यावं म्हणून स्वतःही वाढून घेतात. नवा माणूस अर्धपोटी राहतो आणि घरचा मधुमेही दुप्पट जेवतो.

एका भरपेट जेवणानं काय होतं? पचनासाठी आतड्यांकडं जास्त रक्त पाठवावं लागतं, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातली चरबी आणि साखर काही तास चढी राहते. निरोगी माणसाला हे कळतही नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला मात्र हा भार जाणवू शकतो. त्यात मिठाची भर पडते. सकाळी मिसळीचा कट आणि फरसाण, दुपारी पापड-लोणचं, रात्री रस्सा. यातलं एकेक घेतलं तर फारसं काही नाही, बेरीज मात्र मोठी. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा हृदय आधीच कमकुवत आहे, त्यांच्या पायांवर सूज आणि रात्री दम लागणं हे याच बेरजेतून येतं.

गुळाबद्दलही एक शब्द. आपल्या गुळाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण "गूळ हाय, साखर न्हाई" म्हणून मधुमेह्यानं गुऱ्हाळावर काकवीची वाटी तोंडाला लावू नये. एका ग्रॅममागे गुळात जवळपास साखरेइतकेच उष्मांक असतात आणि रक्तातली साखर तोही वाढवतोच. चवीपुरता खडा घेऊन बाकीचा वेळ काहिलीतल्या उकळीचा वास घेण्यात घालवावा.

वजनाचं काय? न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2000 मध्ये 195 अमेरिकी प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत त्यांचं वजन सरासरी 0.37 किलोनं वाढलं. एवढंसंच, असं वाटेल. पण ते पुढं उतरलं नाही. दरवर्षी असं थोडं थोडं साठत गेलं की दहा-पंधरा वर्षांत पँटीचा माप बदलतो, आणि आपल्याला वाटतं की वय झालं.

एकतीस डिसेंबरचा विषय टाळून चालणार नाही. एरवी बेताची घेणाऱ्यांनी सुट्टीत एकदम जास्त दारू घेतली की हृदयाचा ताल बिघडतो. 1978 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर फिलिप एटिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला 'हॉलिडे हार्ट' असं नाव दिलं. सुट्टीनंतर छातीत धडधड होते म्हणून येणाऱ्या, एरवी धडधाकट माणसांत त्यांना हे दिसलं होतं. मित्रांच्या आग्रहाचा ग्लासही आग्रहाच्या वाटीसारखाच असतो. नको म्हणायची सवय एकदाच लावावी लागते.

नव्या माणसाचा ताण, आणि जुन्यांचाही

आनंदाचा प्रसंग शरीराला आनंदच देतो, असं आपण धरून चालतो. 1967 मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी आयुष्यातल्या 43 घटनांची यादी करून प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक, 100. पण त्या यादीत लग्नालाही 50 गुण आहेत! कुटुंबात नव्या व्यक्तीची भर पडली की 39. सासरच्यांशी खटके उडाले की 29. झोपेच्या वेळा बदलल्या 16, कौटुंबिक गाठीभेटींचं प्रमाण बदललं 15, खाण्याच्या सवयी बदलल्या 15, सुट्टी 13 आणि खुद्द नाताळ 12.

यादी अमेरिकेतली आहे, आणि प्रत्येक माणसाला प्रत्येक घटनेचा सारखाच ताण येतो असंही नाही. पण मूळ मुद्दा पटण्यासारखा आहे. शरीराला चांगला बदल आणि वाईट बदल यांतला फरक फारसा कळत नाही. जुळवून घ्यावं लागतं, एवढंच त्याला कळतं. नव्या जोडीदाराला घरी आणायचं म्हणजे या यादीतल्या पाच-सहा गोष्टी एकाच आठवड्यात घडतात आणि तेही घरातल्या प्रत्येकाच्या बाबतीत.

येणाऱ्याचा ताण सगळ्यांना दिसतो. पाया कुणाकुणाच्या पडायचं, मावशी कोण आणि आत्या कोण, जेवताना किती घ्यायचं, शौचालयात किती वेळ लावायचा. हसू नका, परक्या घरात बद्धकोष्ठ होणं ही दवाखान्यातली रोजची तक्रार आहे. घरच्यांचा ताण मात्र आदरातिथ्याखाली झाकला जातो. आई पहाटे पाचला उठून रात्री बाराला आडवी होते. वडील हसतमुख राहण्याची शर्थ करतात. धाकट्या भावाची खोली गेलेली असते. आणि मुलगी दोन्ही बाजूंचं दडपण मधल्या मध्ये झेलत असते. तिला जोडीदारासमोर आपल्या घराचं चांगलं दाखवायचं असतं आणि घरासमोर जोडीदाराचं.

जोडीदार वेगळ्या जातीचा, भाषेचा किंवा धर्माचा असला की हा भार वाढतो. ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला, तिथंही आज असा पाहुणा यायचा म्हटलं की घरात कुजबूज होते. "शेजारी काय म्हणतील" या प्रश्नाला कुठल्याही यादीत गुण नाहीत, पण त्यानं किती जणांची झोप उडते हे आम्हा डॉक्टरांना चांगलं माहीत आहे.

हा ताण घरातल्या कटकटीत बाहेर पडला तर शरीर त्याची किंमत मोजतं. ओहायोतल्या संशोधकांनी 2005 मध्ये 42 विवाहित जोडप्यांच्या हातांवर छोटे फोड तयार करून ते किती दिवसांत भरतात हे मोजलं. जी जोडपी बोलताना एकमेकांशी सतत टोचून, वैरानं वागत होती, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या सुमारे 60 टक्केच होता. जीभ चालते आणि जखम रेंगाळते, असंच म्हणायचं. म्हणून मोठे वाद, म्हणजे लग्नाचा खर्च, मानपान, नोकरी कुठं करायची, हे विषय सुट्टीच्या चार दिवसांत रात्री जेवणानंतर काढू नयेत. सकाळी, पोट हलकं आणि झोप पूर्ण झालेली असताना, मोजक्या माणसांत बोलावेत.

तांबड्यानंतर पांढरा

थोडा हलका विषय. बाहेरच्या पाहुण्याची पहिली परीक्षा आपण तांबड्या रश्श्यानं घेतो. मिरचीतलं कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंच्या दारावर जाऊन बसतं. ते दार उघडलं की मेंदूला चटका बसल्याची खबर मिळते, खरा चटका बसलेला नसतानाही. म्हणून घाम, डोळ्यांत पाणी, वाहतं नाक. हे दार शोधून काढल्याबद्दल अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आपल्याकडची पोरं लहानपणापासून कांदा-लसूण चटणीवर वाढतात, त्यांची ही दारं सरावानं थोडी बोथट झालेली असतात. नवख्याची नसतात. तो "नाजूक" नाही, त्याला सराव नाही.

अशा वेळी पाणी देऊन उपयोग होत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थात विरघळतं. दूध किंवा दही द्यावं. नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा तांबड्याच्या शेजारी ठेवणाऱ्या आपल्या सुगरणींनी रसायनशास्त्र न वाचता हेच साधलेलं आहे. फक्त तो निखळ औषध समजून चार वाट्या रिचवू नयेत, त्यातही स्निग्धांश भरपूर आहे. ज्याला आधीच आम्लपित्त किंवा मूळव्याध आहे, त्या पाहुण्याला खिंडीत गाठू नये. "तिखट चालतं का?" हे आधी फोनवर विचारलं तर आपली कोल्हापुरी शान कमी होत नाही.

पाहुणे येण्याआधी

त्या चौसष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या घरात आता काही नियम आहेत. ते त्यांच्याकडूनच उसने घेतले आहेत, थोडी भर माझी.

गोळ्यांचा डबा झोपायच्या खोलीतून बाहेर काढावा. तो चारचौघांत असावा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला कुठली गोळी कधी ते माहीत असावं. काही गोळ्या अचानक बंद केल्या की रक्तदाब आणि नाडी उसळी मारतात. तेव्हा "चार दिवसांनी काय होतंय" हे चालत नाही. सुट्टी सुरू होण्याआधी पंधरा दिवसांचा साठा मोजून बघावा. प्रवासाला निघताना गोळ्या सामानाच्या बॅगेत न टाकता खांद्याच्या पिशवीत ठेवाव्यात.

आग्रह बदलता येतो. मेहुण्यानं वाटी पुढं केली की घरातल्याच कुणीतरी म्हणावं, "त्यांना नको, त्यांच्या बदल्यात मला द्या." पथ्य सांभाळणाऱ्याला एकटं पाडू नये. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, कांद्याची पात, ताक हेही कोल्हापूरचंच जेवण आहे. डिसेंबरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला आपण हेच चवीनं खातो की. ते पाहुण्यालाही आवडतं, तुम्ही वाढून तर बघा.

जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चालावं. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर वापरली जाते आणि जेवणानंतरची चढण कमी होते. रंकाळ्याच्या काठानं नव्या जावयाबरोबर सासरे चालत आहेत, यापेक्षा चांगली ओळख दिवाणखान्यात होत नाही. समोरासमोर बसून सुचत नाही ते बोलणं शेजारी चालताना सहज सुचतं.

झोपेचं वेळापत्रक फार मोडू नये. पोरं रात्री दोनपर्यंत जागतात, म्हातारी माणसं संकोचानं त्यांच्यात बसून राहतात आणि सवयीनं पाचला उठतात. "आम्ही झोपतो, तुमचं चालू द्या," असं म्हणण्यात पाहुण्याचा अपमान नाही. पहाटेच्या गारठ्यात फिरायला जाणाऱ्यांनी ऊन वर आल्यावर जावं, कानाला मफलर बांधूनच.

आईचं काम वाटून घ्यावं. पाहुण्यालाही एखादं काम सांगावं. भाजी निवडायला बसलेला जावई किंवा पाणी भरणारी होणारी सून घरात लवकर रुळते. नुसतं बसून पाहुणचार घेणाऱ्याचं अवघडलेपण तासागणिक वाढत जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा, अकारण घाम, दम, एकदम गळून गेल्यासारखं वाटणं यातलं काहीही काही मिनिटांत थांबलं नाही, तर ते पित्त आहे असं घरी ठरवू नये. मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. 108 ला फोन करावा, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावं, ईसीजी काढावा. रुग्णानं स्वतः गाडी चालवू नये. हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटानं मरत असतो. रात्री अकराला सगळं घर उठवलं आणि ते खरंच पित्त निघालं, तर त्यासारखी चांगली बातमी नाही.

नव्या माणसाची नजर

त्या रात्रीचा विचार करताना मला एक गोष्ट परत परत आठवते. घरातल्या सहा-सात जिवलगांना जे दिसलं नाही, ते तीन दिवसांपूर्वी आलेल्या मुलाला दिसलं. रोज बघून आपण माणसाचं बघणं बंद करतो. वडिलांचा चढताना लागणारा दम, आईचं वाढलेलं विसरणं, भावाचं गप्प होत जाणं, हे सगळं "त्यांचं नेहमीचंच" या खात्यात जमा होतं. नवा माणूस ते खातं उघडून बघतो. म्हणून सुट्टीत नव्या जोडीदारानं विचारलं की "तुझी आई नेहमीच इतकी दमते का?", तर ते टोचून घेऊ नये. त्याचा विचार करावा.

माणसांच्या सोबतीचं शरीरावर खरोखर काय होतं, यावर बरंच काम झालं आहे. 2006 मध्ये अमेरिकेत जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 16 विवाहित स्त्रियांना मेंदूच्या एमआरआय यंत्रात झोपवलं आणि पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागांची धावपळ कमी झाली. अनोळखी माणसाचा हात धरल्यानंही थोडा फरक पडला. पण ज्यांचं नातं जास्त चांगलं होतं, त्यांच्यात नवऱ्याच्या हाताचा फरक सगळ्यात ठळक होता. 2010 मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी जगभरातले 148 अभ्यास एकत्र केले. त्यात 3 लाख 8 हजारांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचं गणगोत भक्कम, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा 50 टक्क्यांनी जास्त निघाली.

म्हणजे ज्या गर्दीमुळं रक्तदाब वाढतो, तीच गर्दी आयुष्यही वाढवते. गर्दी टाळण्याचा सल्ला म्हणूनच मी देत नाही. गर्दीत आपलं दुखणं लपवू नका, एवढाच माझा सल्ला आहे.

आता शेवटचं. दोन जानेवारीला स्टँडवर पुण्याच्या गाड्या भरून निघतात. संध्याकाळी घरी परतलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांना घर एकदम मोठं वाटायला लागतं. उरलेल्या चकल्यांचा डबा, पाहुण्यासाठी काढलेली चादर, टीव्हीचा आवाज. सुट्टीतल्या धोक्यांबद्दल एवढं लिहिलं, पण माझ्या मते या संध्याकाळकडं आपण सगळ्यात कमी लक्ष देतो. त्या रात्री एक फोन करा. "पोचलो" एवढंच सांगून ठेवू नका. विचारा: "गोळी घेतली का?"

त्या घरात हा फोन आता मुलगी करत नाही. जावई करतो.